निकाहची फिल्म चाळीस टक्क्यांवर का अडकते?
घरच्या घरी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी उंबरमाळीहून फोन आला. कसारा लोकलने खर्डी सोडलं की पुढचं स्टेशन उंबरमाळी, आणि मग शेवटचं कसारा. फोन करणारा आमचा जुना विद्यार्थी, नुकतीच बारावी झालेला.

"सर, आपाच्या निकाहची फिल्म बनवलीय. तीन तासांची आहे. पण एक्स्पोर्टला लावली की चाळीस टक्क्यांच्या आसपास बंद पडते. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तिथंच."

घाई होती, आणि कारणही तसंच होतं. मुरबाडकडे राहणारे त्याचे नाना अंथरुणाला खिळलेले. नातीच्या निकाहला त्यांना येता आलं नव्हतं. नवी नवरी रविवारी नवऱ्यासोबत बाहेरगावी निघणार होती, आणि त्याआधी नानांच्या शेजारी बसून टीव्हीवर ही फिल्म बघायची असं ठरलं होतं. फिल्मच्या शेवटी मुलाने एक जुनी टेपही जोडली होती. अम्मीच्या लग्नाची. तिच्यात मरहूम नानी हिंडताना, बोलताना दिसतात. फोन आला तो गुरुवार.

आम्ही काय केलं? तो लॅपटॉप जुना, बाहेर ऊन, म्हणून सांगून टाकलं, "गरम होत असेल. बंद कर, थंड होऊ दे, परत लाव." त्याने तसं केलं. चार तास गेले. फिल्म परत चाळीसवर बंद. मग आम्ही म्हटलं, बाकीचे प्रोग्रॅम बंद करून लाव. आणखी चार तास गेले. शुक्रवारी आम्ही स्वतः उंबरमाळीला गेलो, तेव्हा पहिल्याच मिनिटाला कळलं की आमचा सल्लाच चुकला होता. प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर लिहायला घेणाऱ्या मुलांना आम्ही वर्गात रागावतो, आणि इथे आम्ही तेच केलं होतं.

आज बहुतेक घरांत कुणीतरी मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर फिल्म जोडतंच. निकाह, वलीमा, अकीका, शाळेचं गॅदरिंग, हजहून परतलेल्यांचं स्वागत. जोडणं जमतं, गाडी अडते ती शेवटच्या बटणावर. म्हणून त्या दोन दिवसांत जे शिकलो आणि आधीपासून जे माहीत होतं, ते इथे क्रमाने लिहीत आहोत.

एक्स्पोर्ट म्हणजे नेमकं काय?

आपण सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा कापतो, जोडतो, नावं टाकतो, आवाज लावतो. हे सगळं 'सेव्ह' केलं की जी फाइल तयार होते ती प्रोजेक्ट फाइल. तिच्यात व्हिडिओ नसतो. अमुक फोल्डरमधली अमुक क्लिप दहाव्या सेकंदापासून चाळिसाव्यापर्यंत घ्या, वर हे नाव दाखवा, अशी नुसती यादी असते. बिर्याणीची कृती कागदावर लिहावी तशी. कागद खिशात मावतो, पण पोट भरत नाही.

एक्स्पोर्ट, ज्याला काही सॉफ्टवेअर 'रेंडर' म्हणतात, म्हणजे ती कृती वाचून प्रत्यक्ष डेग चढवणं. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिप उघडतं, एकेक चित्र तयार करतं, ती सगळी चित्रं दाबून लहान करतं आणि नव्या फाइलमध्ये लिहितं. तीन तासांच्या फिल्ममध्ये सेकंदाला २५ चित्रं धरली तर २,७०,००० चित्रं होतात. जुन्या लॅपटॉपला चार तास लागले तर त्यात नवल नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली. प्रोजेक्ट फाइल कुणाला पाठवून उपयोग नाही. आमच्याकडे एक पालक जुनी प्रोजेक्ट फाइल घेऊन आले होते, विंडोज मूव्ही मेकरमधली. त्या सॉफ्टवेअरचा आधार मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ पासून बंद केला आहे. फाइल काही केबींची. मूळ क्लिपा केव्हाच पुसलेल्या. त्या फाइलमधून आता काहीही निघणार नाही.

दुसरी. मूळ क्लिपा ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथून हलवल्या, फोल्डरचं नाव बदललं, किंवा ज्या पेनड्राइव्हवर त्या होत्या तो काढून घेतला, तर सॉफ्टवेअरला सामान सापडत नाही. पडद्यावर लाल चौकट येते किंवा 'मीडिया मिसिंग', 'ऑफलाइन' असं काही दिसतं. उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच एक फोल्डर करा, सगळ्या क्लिपा, फोटो, आवाज त्यात कॉपी करा, आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

आणि सगळ्यांत मोठी ताकीद. फिल्म तयार होऊन टीव्हीवर शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मोबाईलमधल्या मूळ क्लिपा पुसू नका. उंबरमाळीच्या घरात आम्ही गेलो तेव्हा मामू, खाला आणि चुलतभाऊ अशा तिघांच्या फोनमधल्या क्लिपा लॅपटॉपमध्ये घेऊन फोन रिकामे केलेले होते. संपूर्ण निकाह त्या एका जुन्या लॅपटॉपच्या भरवशावर होता. आम्ही पहिलं काम हे केलं की तो अख्खा फोल्डर दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतला. एक्स्पोर्टचं मग बघितलं.

पहिला प्रश्न: दर वेळी एकाच जागी अडतं, की वेगवेगळ्या?

डॉक्टर आधी विचारतात, ताप रोज त्याच वेळेला येतो का. इथेही तसंच. एक्स्पोर्ट बंद पडला की दोन गोष्टी कागदावर लिहा. किती टक्क्यांवर बंद पडला, आणि पडद्यावर काय संदेश आला. संदेश इंग्रजीत असेल, कळला नाही तरी मोबाईलने फोटो काढून ठेवा. मग पुन्हा एकदा लावा आणि टक्का बघा.

दर वेळी साधारण तोच टक्का असेल तर दोष फिल्ममध्ये किंवा फाइल लिहिण्याच्या जागेत आहे. कधी १२, कधी ७०, कधी ३५ असं होत असेल तर दोष बहुधा यंत्रात. उष्णता, वीज, मेमरी किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. आमच्या मुलाने पहिल्याच फोनवर "तिथंच" हा शब्द वापरला होता. तो आम्ही ऐकला नाही, म्हणून आठ तास वाया गेले.

चाळीस टक्क्यांचं गणित

उंबरमाळीत आम्ही विचारलं, "फिल्म सेव्ह कुठे करतोयस?"

"थेट पेनड्राइव्हवर, सर. बत्तीस जीबीचा आहे, पूर्ण रिकामा."

हेच उत्तर होतं. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याची एक पद्धत असते. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा 'फॅट३२' या जुन्या पद्धतीचे येतात. या पद्धतीत एका फाइलची जास्तीत जास्त लांबी ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे आपण ज्याला ४ जीबी म्हणतो तेवढीच असू शकते. ड्राइव्हमध्ये जागा कितीही रिकामी असो, एक फाइल यापुढे वाढत नाही. गोदाम मोठं असलं तरी दरवाजातून जेवढी पेटी आत जाईल तेवढीच जाणार.

आता फिल्म किती मोठी होणार होती ते काढू. एक्स्पोर्टच्या खिडकीत 'बिटरेट' नावाचा आकडा असतो. एका सेकंदाच्या व्हिडिओला किती मेगाबिट खर्च करायचे तो हा आकडा. आठ बिटांचा एक बाइट, आणि मिनिटात साठ सेकंद. म्हणून सोपं सूत्र असं:

मिनिटं × बिटरेट × ७.५ = फाइलचा आकार एमबीमध्ये.

मुलाने बिटरेट ८ ठेवला होता. १८० × ८ × ७.५ = १०,८०० एमबी. म्हणजे १०.८ जीबीची एक फाइल. फॅट३२ ची मर्यादा साधारण ४.२९ जीबीला लागते. ४.२९ ला १०.८ ने भागा, उत्तर ०.३९७ येतं. जवळजवळ चाळीस टक्के! सॉफ्टवेअर 'डिस्क भरली' असा संदेश देत होतं आणि ड्राइव्ह तर २५ जीबीच्या वर रिकामा दिसत होता, म्हणून मुलगा गोंधळला होता. लॅपटॉपचा काही दोष नव्हता.

उपाय तीन आहेत.

एक, पेनड्राइव्हवर थेट एक्स्पोर्ट कधीच करू नका. आधी लॅपटॉपच्या डिस्कवर करा, मग कॉपी करा. पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग कमी असतो, धक्का लागला की तो सुटतो, आणि चार तासांची मेहनत जाते.

दोन, पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीत फॉरमॅट करा. तिथे ही ४ जीबीची अडचण नाही. पण फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आणि बरेच जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत.

तीन, फिल्मचे भाग करा. नानांचा टीव्ही जुना होता, म्हणून आम्ही हाच उपाय घेतला. साठ-साठ मिनिटांचे तीन भाग. ६० × ८ × ७.५ = ३,६०० एमबी. प्रत्येक भाग ३.६ जीबी, मर्यादेच्या आत. पहिला भाग निकाह, दुसरा वलीमा, तिसऱ्यात रुखसत आणि नानींची जुनी टेप. एवढ्या वयाच्या माणसाला सलग तीन तास बघवतही नाही. तेव्हा भाग करणं तसंही बरंच झालं.

एखादी क्लिपच खराब असेल तर

एकाच जागी अडतंय, पण फाइल ४ जीबीच्या खूप आत आहे आणि लॅपटॉपच्या डिस्कवरच लिहिली जातेय, असं असेल तर फिल्ममधली एखादी वस्तू दोषी आहे. अर्धवट डाउनलोड झालेली क्लिप, बिघडलेला फोटो, जड इफेक्ट किंवा एखादं टायटल.

अंदाज घ्यायला टक्क्याचा उपयोग होतो. एका तासाची फिल्म ३५ टक्क्यांवर बंद पडली तर २१ व्या मिनिटाच्या आसपास शोधा. टक्का आणि मिनिट अगदी जुळेलच असं नाही, पण जवळपास पोचाल.

तरीही सापडत नसेल तर अर्ध्याची पद्धत वापरा. फिल्मचा फक्त पहिला अर्धा भाग एक्स्पोर्ट करून बघा. झाला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात, नाही झाला तर पहिल्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. एका तासाची फिल्म असेल तर सहा वेळा असं केल्यावर आपण एका मिनिटाच्या आत पोचतो. ६० चे ३०, मग १५, साडेसात, पावणेचार, दोनच्या आत, एकच्या आत. दर वेळचा तुकडा लहान होत जातो, म्हणून सगळ्या चाचण्या मिळून लागणारा वेळ एका पूर्ण एक्स्पोर्टपेक्षा कमीच भरतो.

दोषी क्लिप सापडली की ती काढून पुन्हा मूळ फोनमधून घ्या. (बघा, म्हणूनच पुसू नका म्हणालो.) फोनमध्ये नसेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ती नव्याने एमपी४ करून घ्या. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं.

फाइलच्या नावाचीही एक खोड असते. काही सॉफ्टवेअरना देवनागरी किंवा उर्दू अक्षरांतली नावं, नावातली चिन्हं, एकात एक दहा फोल्डर हे पचत नाही. एक्स्पोर्ट सुरूच होत नसेल तर डी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत छोट्या नावाचा फोल्डर करा आणि तिथे लिहायला सांगा. कधी विंडोजची सुरक्षा किंवा अँटिव्हायरस 'व्हिडिओज' फोल्डरमध्ये लिहायला मना करतात. त्यालाही हाच इलाज.

वेगवेगळ्या जागी बंद पडत असेल तर

आधी उष्णता. एक्स्पोर्टच्या वेळी लॅपटॉपचा प्रोसेसर पूर्ण ताकदीने तासन्‌तास चालतो. गादीवर, उशीवर ठेवला तर खालच्या जाळ्या बंद होतात आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं. लाकडी टेबलावर ठेवा, खाली दोन पुस्तकांचा आधार देऊन हवा खेळू द्या. शहापूर-मुरबाडकडच्या एप्रिल-मेमध्ये हे काम रात्री लावलेलं बरं.

मग झोप. आपण एक्स्पोर्ट लावून जेवायला जातो, लॅपटॉप अर्ध्या तासाने स्वतःच झोपतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्लीप' ला 'नेव्हर' करा. झाकण बंद करू नका.

मग जागा आणि मेमरी. जेवढी फिल्म होणार, किमान त्याच्या दुप्पट जागा डिस्कवर मोकळी हवी, कारण सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाइलीही लिहीत असतं. ब्राउझर बंद ठेवा. आणि फोनने ४के मध्ये शूटिंग केलं असलं तरी फिल्म १०८०पी मध्येच काढा. ४के च्या एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके असतात, १०८०पी मध्ये २०,७३,६००. बरोबर चौपट ओझं! घरच्या टीव्हीवर नानांना तो फरक कळणार नाही.

शेवटी ग्राफिक्स. एक्स्पोर्टच्या खिडकीत 'हार्डवेअर' किंवा 'जीपीयू' ने काम करा अशी एक खूण असते. तिने वेग वाढतो, पण जुन्या ड्रायव्हरवर मध्येच सगळं कोसळतं. ती खूण काढून बघा. वेळ जास्त लागेल, पण फिल्म पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

लाईट गेली, आणि फाइल उघडत नाही

आपल्याकडची ही नेहमीची गोष्ट. पावसाळ्यात तर विचारूच नका. ९३ टक्के झाले, लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, सगळं काळं. परत लावल्यावर फोल्डरमध्ये तीन जीबीची फाइल दिसते, पण कुठेच उघडत नाही.

कारण असं की एमपी४ फाइलला एक अनुक्रमणिका असते. कोणतं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची. ती सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. शेवट व्हायच्या आत वीज गेली तर पानं आहेत, पण अनुक्रमणिका नाही, म्हणून प्लेअर हात वर करतो. ९९ टक्क्यांवर बराच वेळ थांबलेलं दिसतं, तेही बरेचदा याच कारणाने. सॉफ्टवेअर त्या वेळी फाइलचा शेवट नीट बांधत असतं. जुन्या डिस्कवर दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. घाबरून बंद करू नका.

घरात इन्व्हर्टर नसेल तर फिल्म वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत काढा. लाईट गेली तर एकच तुकडा जाईल. सगळ्या तुकड्यांचं सेटिंग तंतोतंत एकच ठेवा. मग एव्हिडेमक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एकापुढे एक लावून, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्हीकडे 'कॉपी' निवडून जोडता येतात. त्यात नव्याने काही शिजवायचं नसतं, त्यामुळे काम मिनिटांत होतं. दुसरा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअर देत असेल तर आधी 'एमकेव्ही' मध्ये काढणं. ती फाइल मध्येच तुटली तरी तिथपर्यंतचा भाग बहुधा चालतो.

फिल्म निघाली, पण बिघडलेली

ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सुरुवातीला ठीक, पुढे पुढे आवाज मागे पडतो किंवा पुढे धावतो. याचं मूळ मोबाईलमध्ये आहे. सेकंदाला ३० चित्रं म्हटली तरी अंधारात फोन कधी २४, कधी २८ घेतो. संध्याकाळच्या मंडपातलं शूटिंग असंच असतं. काही सॉफ्टवेअर मात्र सगळे सेकंद सारखेच धरून चालतात, आणि चूक साठत जाते. अशा क्लिपा आधी हँडब्रेकमध्ये घाला, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, मग त्या नव्या क्लिपांवर एडिटिंग करा.

रंग फिके, पांढुरके येतात. आखातात राहणाऱ्या पाहुण्यांच्या आयफोनच्या क्लिपा घेतल्या की हे दिसतं. आयफोन १२ आणि त्यापुढचे फोन 'एचडीआर' मध्ये शूटिंग करतात. साध्या फिल्ममध्ये ते रंग नीट उतरत नाहीत. पाहुण्यांना आधीच सांगा की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद करा आणि 'फॉरमॅट्स' मध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. शूटिंग होऊन गेलं असेल तर एडिटिंगमध्ये एचडीआरवरून साध्यात बदलण्याची सोय आहे का ते शोधा.

हलणाऱ्या हातांवर फणीच्या दात्यांसारख्या रेघा. हे जुन्या टेपांचं दुखणं. आपल्याकडच्या व्हीएचएस टेपा 'पाल' पद्धतीच्या. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एक आड एक ओळी घेऊन साठवलेलं. जुन्या टीव्हीवर ते जुळून दिसायचं, आजच्या पडद्यावर दाते दिसतात. 'डीइंटरलेस' नावाची सोय चालू करा. आणि तो जुना चौकोनी आकार ताणून रुंद करू नका, माणसं जाडी दिसतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी चालेल. ज्यांच्या घरी अशा टेपा पडून आहेत त्यांनी लवकर हात घालावा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतली यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत.

उर्दू आणि मराठी अक्षरं तुटतात. आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरात ही तक्रार हमखास. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं आणि शेजाऱ्याला जोडलं जातं. मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, जोडाक्षरं होतात. अक्षरं अशी मांडण्याची समज सगळ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नसते. मग उर्दू शब्द सुटा-सुटा आणि उलटा येतो, मराठीत वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. इनपेजमध्ये किंवा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नुसता कॉपी करून चिकटवला तर निरर्थक चिन्हंच येतात. खात्रीचा उपाय म्हणजे नावं चित्र म्हणून घालणं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं नीट दिसतात तिथे नोटो नस्तालीकसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये नाव लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल करा आणि ती फिल्मवर ठेवा. चित्र कुठेही तुटत नाही. मात्र चित्र करण्याआधी नाव घरातल्या मोठ्यांना वाचायला द्या. नवरदेवाच्या नावात चूक राहिली तर ती पुढची पन्नास वर्षं दिसत राहील.

लॅपटॉपवर चालते, टीव्हीवर नाही. टीव्हीवर नुसता आवाज येतो किंवा 'फाइल चालत नाही' असं येतं. बहुधा फिल्म 'एच.२६५' मध्ये निघालेली असते. २०१३ साली आलेली ही पद्धत जुन्या टीव्हींना कळत नाही. २००३ पासून चालत आलेली 'एच.२६४' निवडा.

आमचं ठरलेलं सेटिंग

घरच्या कामाला आम्ही सगळ्यांना एकच सांगतो. एमपी४ फाइल, एच.२६४, १९२० × १०८०, सेकंदाला २५ किंवा ३० चित्रं (ज्या क्लिपा जास्त असतील त्याप्रमाणे), बिटरेट ८, आवाज 'एएसी' आणि ४८ किलोहर्ट्झ. जुना टीव्ही असो, नवा मोबाईल असो, एवढ्यावर जवळजवळ सगळीकडे चालतं. आणि तीन तासांचा एक्स्पोर्ट लावण्याआधी याच सेटिंगवर एकाच मिनिटाचा करा, पेनड्राइव्हवर घाला, ज्या टीव्हीवर दाखवायचा आहे त्यावरच लावून बघा. आमच्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

दूरच्या नातेवाईकांना पाठवायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून टाकू नका, तो दाबला जाऊन धूसर होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. यूट्यूबवर टाकणार असाल तर फोन नंबरने खातं पडताळल्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. तिथे 'अनलिस्टेड' म्हणजे फक्त घरच्यांसाठी, असा समज आहे. तो चूक आहे. लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. निवडक लोकांनाच दाखवायचं तर 'प्रायव्हेट' करून त्यांचे ईमेल पत्ते घालावे लागतात. घरातल्या बायकांची, मुलींची चित्रं त्यात असतात. टाकण्याआधी त्यांना विचारणं हे आपलं काम आहे.

शनिवारी पहाटे तिन्ही भाग तयार झाले. तिसरा भाग चालू असताना एकदा लाईट गेली, पण बॅटरीने तेवढं निभावलं. मुलगा सकाळच्या लोकलने कल्याणला उतरला आणि तिथून एसटीने मुरबाडला गेला. पेनड्राइव्ह त्याने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला होता, असं तोच नंतर म्हणाला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. नानांनी पहिला भाग पूर्ण बघितला, दुसऱ्यात डोळा लागला. तिसऱ्याला उठून बसले. टेपेत नानी दारातून कुणालातरी हाक मारतात, पाच-सहा सेकंदांचंच दृश्य आहे. ते आलं तेव्हा नाना नातीला म्हणाले, "थांब, बेटा. जरा मागे घे." तिने मागे घेतलं. परत म्हणाले, मागे घे.

"किती वेळा, सर, मोजलं नाही," मुलगा म्हणाला. मग आम्ही विचारलं, "मूळ क्लिपा अजून आहेत ना?"

"दोन जागी आहेत, सर. पुसल्या नाहीत."